एका रविवारी मुद्रित झालेलं नाटक

२५ मार्च १९५६ हा रविवार होता. ब्रॉडवेवरच्या बहुतेक नाटकांना त्या काळी रविवारी सुट्टी असे. पण 'माय फेअर लेडी'ची मंडळी आठवड्याचे आठ प्रयोग संपवून त्या दिवशी मॅनहॅटनमधल्या पूर्व तिसाव्या रस्त्यावरच्या एका जुन्या चर्चमध्ये जमली. वास्तू चर्चची, पण कोलंबिया रेकॉर्ड्स कंपनीने १९४०च्या दशकाच्या अखेरीस ती घेऊन तिथे स्टुडिओ थाटला होता. नाटक मार्क हेलिंजर थिएटरमध्ये लागून अवघे दहा दिवस झाले होते. नट, कोरस आणि वादक यांनी एका दिवसात सोळा तुकडे मुद्रित केले आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात रेकॉर्ड दुकानांत आली.

या वेगाचं मला फार अप्रूप वाटतं. नभोवाणीवर संगीत नाटकांचं ध्वनिमुद्रण करण्यात माझी नोकरीची वर्षं गेली. चार गायक नट, ऑर्गन, तबला, सारंगी एवढ्यांना एका वेळी एका खोलीत बसवायचं म्हणजे काय यातायात असते, ते मी जाणते. एकाचा घसा बसलेला, दुसऱ्याची सांगलीची गाडी चुकलेली, तबल्याचा स्वर हवेने उतरलेला. ब्लेडने तिरकी फीत कापून, चिकटपट्टीने जोडून आम्ही नाटक उभं करायचो. त्यामुळे मुलीकडे न्यू जर्सीला आले असताना एडिसनजवळच्या जुन्या वस्तूंच्या दुकानात ही रेकॉर्ड दिसली, तेव्हा मी आधी मागच्या बाजूची बारीक अक्षरातली नावं वाचली. किंमत दोन डॉलर. कव्हरची कड उसवलेली, आतल्या तबकडीच्या दाबाने पुठ्ठ्यावर गोल वळ उमटलेला, एका कोपऱ्यात कुणीतरी निळ्या शाईने लिहिलेलं नाव पुसट झालेलं. तबकडी मात्र सरळ होती आणि लेबल जुनंच, सहा डोळ्यांच्या चिन्हाचं. कॅटलॉग क्रमांक ओएल ५०९०.

हे कव्हर अल हर्शफेल्डने काढलेलं आहे. ढगावर दाढीवाले बर्नार्ड शॉ बसले आहेत. त्यांच्या हातातल्या दोऱ्यांनी प्राध्यापक हिगिन्स नाचतो आणि हिगिन्सच्या हातातल्या दोऱ्यांनी एलायझा. एलायझा रस्त्यावरची फुलवाली, हिगिन्स तिला उच्चभ्रू बोलणं शिकवणारा. सगळं नाटक त्या चार रेषांत आलं आहे. शॉ १९५०मध्ये गेले. हयात असते तर त्यांनी हे कव्हरच काय, हे नाटकही होऊ दिलं नसतं. त्यांच्या 'आर्म्स अँड द मॅन'वरून १९०८मध्ये व्हिएन्नात ऑस्कर श्ट्राउसने ऑपेरेटा केला, त्याचा त्यांना इतका संताप आला की पुढे आपल्या नाटकांना संगीत लावण्याच्या प्रत्येक मागणीला ते नकार देत राहिले. १९१३मध्ये रंगभूमीवर आलेल्या 'पिग्मॅलियन'चा १९३८मध्ये चित्रपट झाला, तो गॅब्रिएल पास्कलने केला, आणि त्याच पास्कलला त्याचं संगीत नाटक हवं होतं. रिचर्ड रॉजर्स आणि ऑस्कर हॅमरस्टाइन या नावाजलेल्या जोडीने प्रयत्न करून हात टेकले. शेवटी अ‍ॅलन जे लर्नरने 'माय फेअर लेडी'ची संहिता आणि गीतं लिहिली, फ्रेडरिक लोवने चाली दिल्या. तोवर पास्कलही निवर्तला होता.

आता या रेकॉर्डच्या आधीचं थोडं सांगायला हवं, कारण मूळ नटसंचाने आपल्या नाटकाची सगळी गाणी रेकॉर्डवर गावी हा रिवाज अमेरिकेत तेव्हा पुरता पंधरा वर्षांचाही नव्हता. त्याआधी ब्रॉडवेची गाणी रेकॉर्डवर येत ती नाचाच्या बँडकडून किंवा नावाजलेल्या गायकांकडून. रंगमंचावर ती भूमिका कोण करतं याच्याशी त्यांना देणंघेणं नसे. रिवाज पडला तो 'ओक्लाहोमा!'मुळे. ते नाटक ३१ मार्च १९४३ला लागलं, पण वादक संघटनेने १ ऑगस्ट १९४२पासून ध्वनिमुद्रणावर बहिष्कार टाकलेला होता. डेका कंपनीने सप्टेंबर १९४३मध्ये संघटनेशी समझोता केला आणि कंपनीच्या जॅक कॅपने लगेच ऑक्टोबरात थिएटरातल्याच नटांना, वादकांना आणि संचालकाला स्टुडिओत नेलं. सहा तबकड्यांचा संच निघाला. प्रत्येक बाजूला तीनेक मिनिटं. युद्धामुळे तबकड्यांसाठी लागणारी लाख अमेरिकेत दुर्मीळ झाली होती, आणि ती लाख जात होती आपल्या बिहारच्या, छोटा नागपूरच्या जंगलांतून. तरीही संच अफाट खपला.

जून १९४८मध्ये कोलंबियाने लाँगप्ले तबकडी आणली. मिनिटाला ३३⅓ फेरे, एका बाजूला वीस-बावीस मिनिटं किंवा थोडी अधिक. संगीत नाटकाला जणू मापाचा अंगरखा मिळाला. आता गाण्यांचा क्रम ठेवता येत होता, मधलं एखादं बोलणं ठेवता येत होतं, एका गाण्याच्या शेवटावर दुसऱ्याची सुरुवात टेकवता येत होती. हे सगळं ओळखलं ते गॉडर्ड लीबरसनने. जन्म इंग्लंडमधला, शिक्षण संगीतरचनेचं, १९५६मध्ये कोलंबियाचा अध्यक्ष. अध्यक्ष झाल्यावरही नाटकांच्या मुद्रणाला तो स्वतः कंट्रोल रूममध्ये बसायचा. त्याचं म्हणणं होतं की रेकॉर्ड ऐकणाऱ्यापुढे पडदा नाही, प्रकाश नाही, नृत्य नाही, म्हणून त्याच्यासाठी नाटक पुन्हा रचावं लागतं. लय थोडी बदलावी लागते, टाळ्यांसाठी ठेवलेली जागा काढावी लागते. नभोवाणीत आम्हाला हेच शिकवलं जायचं. नाट्यगृहात माइक टांगून जे मिळतं ते स्मृती म्हणून बरं असतं, ऐकायला नव्हे.

पैशाचा भाग मोठा रंजक आहे. १९५०च्या 'कॉल मी मॅडम' या नाटकाचा सगळा खर्च आरसीए कंपनीने उचलला, रेकॉर्ड आपल्याला मिळावी म्हणून. पण नाटकाची नायिका एथेल मर्मन डेकाशी करारबद्ध होती. त्यामुळे आरसीएच्या रेकॉर्डवर सगळा नटसंच आहे आणि मर्मनची गाणी डायना शोर गाते, तर डेकाच्या रेकॉर्डवर मर्मन आहे आणि बाकी नटसंच नाही. नाटक एक, आणि पूर्ण कुठेच नाही. सहा वर्षांनी कोलंबियाची मालक कंपनी सीबीएस हिने 'माय फेअर लेडी'त सुमारे ४ लाख डॉलर घातले. लीबरसनने सीबीएसच्या विल्यम पेलीला राजी केलं होतं. बदल्यात नाटकाच्या नफ्यात वाटा आणि रेकॉर्डचा हक्क मिळाला. नाटक २,७१७ प्रयोग चाललं, सप्टेंबर १९६२पर्यंत. तोवर ब्रॉडवेवरचं कुठलंही संगीत नाटक इतकं चाललं नव्हतं.

आणि हे सगळं ज्याच्या खांद्यावर होतं तो हिगिन्सची भूमिका करणारा रेक्स हॅरिसन गायक नव्हता. ४ फेब्रुवारी १९५६ला न्यू हेवनमधल्या पहिल्या चाचणी प्रयोगाच्या दिवशी, पूर्ण ऑर्केस्ट्रासमोर उभं राहायचं म्हटल्यावर, त्याने रंगमंचावर यायलाच नकार दिला होता. बाहेर हिमवादळ, तिकिटं विकलेली. शेवटी तो आला आणि प्रयोग रंगला. एलायझा झालेली ज्यूली अँड्र्यूज तेव्हा वीस वर्षांची. गळा असा की वरच्या स्वरावर जराही ताण दिसू नये, पण अभिनय सापडत नव्हता. दिग्दर्शक मॉस हार्टने तालमी थांबवून, बाकीच्यांना सुट्टी देऊन, एक शनिवार-रविवार फक्त तिच्याबरोबर काम केलं. एकेक वाक्य, एकेक हालचाल. तिने स्वतः पुढे त्या दोन दिवसांबद्दल कृतज्ञतेने लिहिलं आहे. अशी तालीम घेणारा माणूस नटाला लाभणं ही मोठी गोष्ट आहे.

ही दोघं त्या रविवारी माइकसमोर उभी राहिली. तिसाव्या रस्त्यावरच्या त्या स्टुडिओचं छत सुमारे शंभर फूट उंच होतं. तिथलं काहीही बदलायचं नाही, रंगसुद्धा द्यायचा नाही, असा कंपनीत दंडक होता, कारण खोलीचा घुमारा बिघडेल अशी भीती होती. ग्लेन गूल्डचं बाखवादन आणि पुढे १९५९मध्ये माइल्स डेव्हिसचं 'काइंड ऑफ ब्लू' याच खोलीत मुद्रित झालं. 'माय फेअर लेडी'त मला ती खोली स्पष्ट ऐकू येते. हॅरिसन जवळ आहे, त्याच्या ओठांची हालचाल कळावी इतका. तो शब्द बोलतो आणि अचानक एखादा शब्द नेमक्या स्वरावर टेकवतो. त्याच्या मागे तंतुवाद्यं लांबून येतात, आणि त्यांच्या आवाजाभोवती ते उंच छत आहे. संचालक फ्रान्झ अ‍ॅलर्स ज्या कौशल्याने त्याच्या बोलण्यामागून ऑर्केस्ट्रा नेतो, ते ऐकताना मला आपल्याकडचे चांगले ऑर्गनवादक आठवतात. नट दोन मात्रा रेंगाळला तर ते रेंगाळतात, प्रेक्षकाला पत्ता लागत नाही.

एका दिवसाच्या या घाईमागे व्यवहारही होता. नटांच्या संघटनेच्या नियमाप्रमाणे ध्वनिमुद्रणाच्या एका दिवसासाठी नटाला आठवड्याचा पगार द्यावा लागे. म्हणून काम एका दिवसात उरकायचं. दहा दिवस जुना प्रयोग, थकलेले गळे, दुसरी संधी नाही. पण त्याच थकव्यात एक धार आहे. प्रयोग अजून अंगात ताजा आहे, यशाची बातमी नुकतीच कळली आहे, आणि कुणालाही आपली भूमिका अजून सवयीची झालेली नाही.

दोन बाजूंची मांडणी पाहण्यासारखी आहे. पहिली बाजू एलायझाच्या रात्रभर नाचावंसं वाटण्याच्या गाण्यावर संपते. नाटकातला पहिला अंक तिथे संपत नाही, तो पुढे राजदूताच्या नृत्यसोहळ्यापर्यंत जातो. दुसरी बाजू अ‍ॅस्कटच्या शर्यतीपासून सुरू होते. आणि तो नृत्यसोहळा, ज्याच्यासाठी एवढी सगळी खटपट चालली, रेकॉर्डवर नाहीच. तिथे वॉल्ट्झ आहे, शब्द नाहीत, आणि सेसिल बीटनने केलेले कपडे आवाजात दाखवता येत नाहीत. ऐकणाऱ्याला तो सोहळा कळतो तो नंतर, हिगिन्स आणि त्याचा मित्र पिकरिंग स्वतःची पाठ थोपटत सांगतात तेव्हा. त्या गाण्यात एलायझाचा आवाज नाही. रंगमंचावर ती कोपऱ्यात उभी असते, दिसते. रेकॉर्डवर ती नुसती नाहीशी होते. माझ्या मते पुरुषांच्या त्या आत्मप्रौढीची जाण नाट्यगृहापेक्षा रेकॉर्डवर अधिक होते, कारण आपण तिच्या आवाजाची वाट पाहत बसतो.

रेकॉर्ड अमेरिकेत १९५७ आणि १९५८ अशी दोन्ही वर्षं सर्वाधिक खपाची ठरली. बिलबोर्डच्या यादीत ती एकूण ४८० आठवडे होती, म्हणजे नऊ वर्षांहून अधिक. ब्रिटनमध्ये मात्र ती अधिकृतपणे मिळत नव्हती. ३० एप्रिल १९५८ला लंडनच्या ड्रुरी लेन थिएटरमध्ये नाटक लागेपर्यंत तिथल्या रेडिओवर ही गाणी वाजवायला मनाई होती. मग अमेरिकेहून परतणारे लोक सामानात कपड्यांखाली ती तबकडी घालून आणत. लंडनच्या प्रेक्षकाला पहिल्या प्रयोगाआधीच गाणी पाठ होती ती अशी.

१९५६चं मुद्रण मोनो होतं. दोन-तीन वर्षांत स्टीरिओ घरोघरी पोचला तेव्हा कोलंबियाने फेब्रुवारी १९५९मध्ये लंडनच्या नटसंचाकडून सगळं नाटक पुन्हा मुद्रित केलं. हॅरिसन, अँड्र्यूज, स्टॅन्ले हॉलोवे आणि रॉबर्ट कूट हे चौघे तेच. बाजारात दोन्ही रेकॉर्डी जवळजवळ सारख्या दिसतात आणि नवखा माणूस 'स्टीरिओ' शब्द पाहून दुसरी उचलतो. तिचा आवाज अधिक स्वच्छ आहे, वाद्यं अधिक पसरलेली आहेत. पण तोवर शेकडो प्रयोग झाले होते. हॅरिसन प्रत्येक हशाची जागा ओळखून बोलतो. मला १९५६चीच हवी, आणि ज्याला नाटक ऐकायचं आहे त्याने तीच घ्यावी असं मी सांगेन.

या रेकॉर्डचं खरं मोल १९६४ साली ठरलं. जॅक वॉर्नरने चित्रपट केला, हॅरिसन आणि हॉलोवेला घेतलं, पण एलायझासाठी ऑड्री हेपबर्नला. तिची बहुतेक गाणी मार्नी निक्सनने गायली. ज्यूली अँड्र्यूजला त्याच वर्षीच्या 'मेरी पॉपिन्स'साठी ऑस्कर मिळालं, हे सर्वांना ठाऊक आहे. पण रंगमंचावरची तिची एलायझा अख्खी अशी पडद्यावर आलीच नाही. जी उरली ती या दोन तबकड्यांवर, आणि तिच्यातली पहिली, विशीतली, बिचकत शिकलेली आणि नुकतीच उमललेली एलायझा फक्त त्या रविवारच्या मुद्रणात आहे.

मार्क हेलिंजर थिएटर आता नाटकगृह नाही. १९८९पासून तिथे टाइम्स स्क्वेअर चर्च आहे. तिसाव्या रस्त्यावरचा चर्चमधला स्टुडिओ १९८०च्या दशकात बंद होऊन पाडला गेला.

ही तबकडी ऐकताना मला आपल्या रंगभूमीची चुटपुट लागते. नाट्यगीतं रेकॉर्डवर आणण्यात आपण ब्रॉडवेच्या मागे नव्हतो. बालगंधर्वांच्या 'स्वयंवर', 'मानापमान'मधल्या पदांच्या तबकड्या 'ओक्लाहोमा!'च्या कितीतरी आधी घराघरांत वाजत होत्या, आणि गाणारा नटच होता, उसना गायक नव्हे. पण आपण पद जपलं, नाटक नाही. वन्स मोअरसकट वीस-पंचवीस मिनिटं रंगणारं पद तीन-साडेतीन मिनिटांत बसवलं आणि समोरच्या पात्राचा आवाज बाहेरच राहिला. रुक्मिणी ऐकू येते, तिच्याशी बोलणारा कृष्ण नाही. पुढे लाँगप्लेवर काही नाटकांची पदं एकत्र आली, नभोवाणीने काही नाटकं संपूर्ण प्रसारित केली. पण नाटक लागल्यापासून दहा दिवसांत, अख्खा नटसंच, एका दिवशी, एका खोलीत, हे आपल्याकडे कुणी रिवाज म्हणून केलं नाही. १९७५मध्ये पु. ल. देशपांडे यांनी 'पिग्मॅलियन' मराठीत आणून 'ती फुलराणी' लिहिलं. भक्ती बर्वेंची मंजुळा, सतीश दुभाषींचा प्राध्यापक. ज्यांनी ते पहिल्या महिन्यात पाहिलं त्यांच्याकडून मी अजून त्या प्रयोगांचं वर्णन ऐकते. वर्णन ऐकते, आवाज नाही.

जुन्या बाजारात ही रेकॉर्ड स्वस्त मिळते कारण ती लाखोंनी निघाली. अमेरिकेत असाल तर जुन्या पुस्तकांच्या दुकानात तळाच्या खोक्यात पाहा. घेताना तबकडी प्रकाशात तिरकी धरा. माझ्या प्रतीवर पहिल्या बाजूचा शेवटचा पट्टा करडा पडला आहे. कुणीतरी त्या एकाच गाण्यावर सुई पुन्हापुन्हा ठेवली. घरी आणल्यावर शुद्ध पाण्यात भांडी धुण्याच्या साबणाचे दोन थेंब टाकून मऊ फडक्याने खाचांच्या दिशेने पुसा, लेबल भिजू देऊ नका. मग अ‍ॅम्प्लिफायरचं बटण मोनोवर करा. मोनो तबकडीत आवाज खाचेच्या आडव्या हालचालीत असतो, आणि धुळीची बरीचशी खरखर उभ्या हालचालीत. मोनो केलं की उभं ते कटतं. जुन्या मोनो सुईचं टोक एक सहस्रांश इंच त्रिज्येचं असे, स्टीरिओची सुई त्याहून बारीक. ती खाचेत खोल जाते, जिथे जुनी सुई पोचली नव्हती. म्हणून झिजलेली वाटणारी तबकडीसुद्धा पुष्कळदा अनपेक्षित स्वच्छ वाजते. दोन डॉलरची माझी प्रत अशीच वाजली.

माझी विनंती आपल्या घरांसाठी आहे. कित्येक नटांच्या, साथीदारांच्या, नाटक मंडळांच्या घरी माळ्यावर प्रयोगांच्या फिती आणि कॅसेटी पडून आहेत. दमट हवेत फितीवर बुरशी चढते, थर एकमेकांना चिकटतात, आणि मग त्या उलगडताना त्यांच्यावरचा लेप सुटतो. त्या जाणकाराकडून स्वच्छ करून घ्या, डिजिटल प्रत करा आणि ती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा. डब्यावर नाटकाचं नाव, प्रयोगाची तारीख, नाट्यगृह, सगळे नट आणि ऑर्गन-तबल्यावर कोण होतं ते लिहा. ते सांगणारी माणसं अजून आहेत, त्यांना या महिन्यातच विचारा.